राखण आणि माग

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन ‘घरासाठी चार कॅमेऱ्यांचा सेट द्या’ म्हटलं, की दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘डीव्हीआर की एनव्हीआर, काका?’ आपण उत्तर जुळवेपर्यंत काउंटरवर वस्तू मांडूनही झालेल्या असतात. दोन डोम, दोन बुलेट, चार चॅनेलचा डीव्हीआर, एक टीबीची हार्ड डिस्क, एसएमपीएस, थ्री-प्लस-वन केबलचं बंडल, मूठभर बीएनसी कनेक्टर आणि तितक्याच डीसी पिना. फिटिंगला माणूस पाठवू का, हा पुढचा प्रश्न. नको, मीच बसवणार आहे, असं सांगितलं की तो पहिल्यांदा मान वर करून बघतो.

त्याचं बघणं रास्त आहे. या सेटमध्ये अवघड असं काही नाही, पण त्यातल्या वस्तू एका घराण्यातल्या नाहीत. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या कामांसाठी जन्मलेल्या या वस्तू एका खोक्यात कोंबून आपल्याला ‘घराची सुरक्षा’ म्हणून विकल्या जातात. त्यातली कुठली कशासाठी जन्मली हे ठाऊक असलं, तर काय घ्यायचं आणि कुठे लावायचं याचा निम्मा घोळ तिथेच मिटतो.

सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात करू. बीएनसी म्हणजे दाबून पाव फेरा फिरवला की खटकन बसणारा तो छोटा धातूचा जोड. बेल लॅब्जचे पॉल नील आणि अँफेनॉल कंपनीचे कार्ल कॉन्सेलमन या दोन अमेरिकन अभियंत्यांच्या आडनावांची अक्षरं त्याच्या नावात आहेत. १९४० च्या दशकात रेडिओच्या उपकरणांसाठी तो तयार झाला. धक्के बसले तरी निसटू नये आणि चटकन काढता-घालता यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. ऐंशी वर्षांत त्याच्या घडणीत सांगण्यासारखा फरक पडलेला नाही.

दुसरी खूण डीव्हीआर पहिल्यांदा चालू केल्यावर मेनूत दिसते. ‘पाल’ की ‘एनटीएससी’, असं यंत्र विचारतं. बरेच जण न वाचता पुढे जातात. चुकून एनटीएससी राहिलं, तर रात्री जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात आणि कॅमेरा खराब निघाला म्हणून दुकानात खेपा होतात. कॅमेरा ठणठणीत असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आणि पालची चित्रं सेकंदाला २५, म्हणून दोघांचा मेळ बसतो. एनटीएससी अमेरिकेतल्या ६० आवर्तनांच्या विजेसाठी आहे. दूरदर्शननं १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केलं ते पाल पद्धतीनं. ही पद्धत जगापुढे आली १९६३ मध्ये, आणि ती शोधणारे गृहस्थ होते टेलिफुंकेन कंपनीतले जर्मन अभियंते वॉल्टर ब्रूख.

हे नाव इथे नुसतं जाता जाता येत नाही. याच ब्रूखनी १९४२ साली बाल्टिक समुद्राकाठच्या पेनेम्युंडे इथल्या तळावर टीव्ही कॅमेरे बसवले होते. तिथे व्ही-२ क्षेपणास्त्राच्या चाचण्या चालत. उड्डाणाच्या वेळी जवळ उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. कॅमेरा तिथे ठेवायचा, तारेनं चित्र दूर सुरक्षित जागी न्यायचं आणि अभियंत्यांनी तिथे बसून बघायचं, अशी ती व्यवस्था. चित्र हवेतून सगळ्यांसाठी सोडायचं नाही, तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडेच न्यायचं. सीसीटीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या वापरांत याची गणना होते. म्हणजे आपल्या जिन्यातला डीव्हीआर ज्या माणसाची पद्धत आजही मेनूत बाळगून आहे, त्याच माणसानं या वंशाचा मूळपुरुषही उभा केला. तो कॅमेरा चोर पकडायला नव्हता, तसा कोणाचं रक्षण करायलाही नव्हता. लंडन आणि अँटवर्पवर पडणार असलेलं शस्त्र नीट उडतंय की नाही, हे तो बघत होता. वंशावळ काढायला बसलं की पूर्वज निवडता येत नाहीत.

हा कॅमेरा घराच्या दारापर्यंत आणला तो एका परिचारिकेनं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे. तिथे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन राहत. कामाच्या वेळा आडनिड्या, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ आणि त्याच्याही पाळ्या वेगळ्या. वस्तीत गुन्हे वाढलेले, पोलिसांना बोलावलं तर यायला वेळ लागायचा. रात्री दारावर थाप पडली तर उठून दाराशी जायचं आणि मॅजिक आयला डोळा लावायचा, एवढाच उपाय होता. दाराशी जाणं हाच मुळात धोका होता. १ ऑगस्ट १९६६ रोजी दोघा नवरा-बायकोंनी पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना ते मिळालं. क्रमांक ३४८२०३७.

त्या पेटंटातली रचना जरा निगुतीनं बघावी अशी आहे. दाराला एकाखाली एक चार भोकं. उंच माणूस, मध्यम माणूस, लहान मूल, कोणीही आलं तरी एखाद्या भोकासमोर त्याचा चेहरा येणारच. आतल्या बाजूनं कॅमेरा मोटारीच्या साहाय्यानं वर-खाली सरकतो आणि हवं त्या भोकाशी थांबतो. चित्र बिनतारी पद्धतीनं झोपण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर येतं. मायक्रोफोन आणि स्पीकरमधून आत बसल्या बसल्या विचारायचं, कोण आहे, काय काम आहे. ओळखीचा असेल तर बटण दाबून कडी उघडायची, नसेल तर दुसरं बटण दाबून धोक्याचा इशारा द्यायचा. पलंगावरून न उठता.

एका बाईला रात्री काय हवं असतं हे ठाऊक असलेल्या बाईनंच केलेली ही रचना आहे, हे वाचताना सतत जाणवतं. सगळा भर ‘आत्ता, या क्षणी, दारात कोण आहे’ यावर. काल कोण होतं याची ब्राउनबाईंना तितकीशी फिकीर नाही. त्या काळच्या किमतीत हे सगळं सामान्य घराला परवडणारं नव्हतं आणि ती यंत्रणा घराघरांत गेली नाही. नंतरच्या अनेक पेटंटांनी मात्र तिचा दाखला दिला. २०१३ साली जेमी सिमिनॉफ नावाचा अमेरिकन ‘डोअरबॉट’ नावाची कॅमेऱ्याची घंटा घेऊन ‘शार्क टँक’ या कार्यक्रमात गेला आणि रिकाम्या हातानं परतला. पुढे तिचंच नाव ‘रिंग’ झालं आणि २०१८ मध्ये ॲमेझॉननं ती कंपनी विकत घेतली. घंटा दाबली, फोनवर चेहरा दिसला, ‘पार्सल खाली वॉचमनकडे ठेवा’ म्हणून सांगितलं. ही ब्राउनबाईंचीच सरळ रेषेतली नात.

आपल्या गावगाड्यात ही कामं माणूस करायचा. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं काम तपशिलानं आलं आहे. जागल्या बहुधा महार, रामोशी किंवा भिल्ल असे. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं, कोण गेलं याच्यावर नजर ठेवायची, कोणाची चाल कशी आहे हे ध्यानात ठेवायचं. आणि एवढं करूनही चोरी झालीच, तर सकाळी पाऊलखुणांवरून माग काढत निघायचं. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला, की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. तिथून पुढची जोखीम त्या गावाची. माग आपल्याच शिवेत विरला तर जबाबदारी आपल्या गळ्यात. ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्याच डोळ्यांवर आणि स्मरणशक्तीवर गाव निर्धास्त झोपत होतं.

जागल्याकडे कामं दोन होती. रात्रीची राखण आणि सकाळचा माग. एकच माणूस दोन्ही करत असल्यामुळे ती वेगळी आहेत हे कोणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. यंत्र आल्यावर ती फुटून निघाली. ब्राउनबाईंच्या दारातली यंत्रणा राखणीची. तापकीर गल्लीतल्या काउंटरवरचा डीव्हीआर मात्र मागाचा. आपण घेतो दुसरी वस्तू आणि अपेक्षा धरतो पहिलीची. घरच्या कॅमेऱ्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

कॅमेऱ्याला माग काढायला शिकवलं ते टेपनं. १९७० च्या दशकात व्हीएचएससारख्या कॅसेट आल्या आणि बँका, पेढ्या, मोठी दुकानं चित्र साठवू लागली. तीन तासांची टेप चोवीस तास पुरवायची म्हणजे आठांपैकी एकच चित्र ठेवायचं आणि सात सोडून द्यायची. माणूस चालत जाण्याऐवजी उड्या मारत गेल्यासारखा दिसायचा. रोज सकाळी कोणीतरी टेप बदलायची. तीच टेप पुन्हा पुन्हा वापरून झिजायची, आणि नेमकी हवी असेल तेव्हा तिच्यावर नुसतं बर्फ पडत असायचं. १२ फेब्रुवारी १९९३ रोजी लिव्हरपूलजवळच्या बूटल गावातल्या बाजारसंकुलातून दोन मुलगे एका दोन वर्षांच्या पोराला हात धरून घेऊन गेले आणि त्यांनी त्याचा खून केला. त्या जाण्याचं चित्र कॅमेऱ्यात होतं, कोपऱ्यात वेळही उमटलेली होती. ब्रिटनभर ते धूसर चित्र टीव्हीवर दाखवलं गेलं आणि त्यानंतर तिथल्या गावागावांत कॅमेऱ्यांसाठी सरकारी पैसा वाहू लागला. त्या कॅमेऱ्यानं पोराला वाचवलं नव्हतं, हे तेव्हा फारसं कोणी बोललं नाही.

आपल्याकडे २६/११ नंतर मुंबईभर कॅमेरे बसवायचं ठरलं. ती यंत्रणा पुरी होऊन उद्घाटन व्हायला २ ऑक्टोबर २०१६ उजाडलं. तोवर सोसायट्या आणि दुकानदार थांबून राहिले नव्हते, त्यांनी आपापले सेट लावून टाकले होते.

सेट इतके स्वस्त कशामुळे झाले, याच्या दोन-तीन पायऱ्या आहेत. १९६९ च्या ऑक्टोबरात, ब्राउन दांपत्याला पेटंट मिळायच्या काही आठवडे आधी, बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चिपची कल्पना मांडली. तिच्यासाठी दोघांना २००९ साली नोबेल मिळालं. काचेच्या नळीचा कॅमेरा त्या चिपनं मोडीत काढला. पुढे १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटानं अवकाशयानांसाठी सीमॉस चिप घडवली. ती आणखी स्वस्त आणि कमी वीज खाणारी. आज मोबाइलपासून दारावरच्या डोमपर्यंत सगळीकडे तिचीच भावंडं आहेत.

कॅमेरा इंटरनेटला जोडला गेला तो मात्र कॉफीपायी. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत एकच कॉफीचं भांडं होतं आणि दुसऱ्या मजल्यावरून तिथवर यावं तर ते रिकामं, असा अनुभव वरचेवर. १९९१ मध्ये तिथल्या मंडळींनी भांड्यावर कॅमेरा रोखला. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करडं चित्र. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि जगभरचे लोक केंब्रिजमधलं कॉफीचं भांडं बघत बसले. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला. मधल्या काळात, १९९६ साली, स्वीडनमधल्या लुंड गावच्या ॲक्सिस कंपनीनं ‘नेटआय २००’ विकायला काढला. संगणकाशिवाय थेट नेटवर्कला लागणारा पहिला कॅमेरा, छोट्या आकारात सेकंदाला जेमतेम एक चित्र देणारा. एनव्हीआर म्हणून दुकानदार जे विचारतो, ती या घराण्याची शाखा. डीव्हीआरच्या शाखेत कॅमेरा नुसता पाहतो आणि चित्राची गणितं डबा करतो. एनव्हीआरच्या शाखेत प्रत्येक कॅमेरा स्वतःच एक छोटा संगणक असतो. ही गोष्ट पुढे पासवर्डाशी येऊन भिडणार आहे.

आता शिडी काढायची वेळ. माग आणि राखण यांतलं तुम्हाला काय हवं, हे ठरवल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावू नका. याचा निकाल लेन्समध्ये लागतो.

सेटमध्ये येणारी लेन्स बहुधा २.८ किंवा ३.६ मिलिमीटरची असते. २.८ ची लेन्स साधारण १०० अंशांचं दृश्य घेते. सगळं अंगण, फाटक, शेजाऱ्याची पपई, एका चित्रात सगळं. दुकानात बघायला छान वाटतं. पण या धंद्यात एक मान्य माप आहे. अनोळखी माणसाचा चेहरा चित्रावरून खात्रीनं ओळखायचा असेल, तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल पडले पाहिजेत. ओळखीचा माणूस आहे का हे कळायला १२५ पुरतात. कोणीतरी आहे, एवढंच कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल. भागाकार करा, पावणेआठ मीटर येतात. आणि १०० अंशांच्या लेन्ससमोर दृश्य पावणेआठ मीटर रुंद होतं ते सव्वातीन मीटरवरच. म्हणजे दहा-अकरा फुटांपलीकडच्या चोराचा चेहरा पोलिसांच्या कामाचा नाही. बत्तीस मीटरपर्यंत कोणीतरी आलं होतं एवढं दिसेल. सहा मिलिमीटरची लेन्स घेतली तर तोच चेहरा सत्तावीस फुटांपर्यंत मिळतो, पण आजूबाजूचं अंगण जातं.

म्हणून एक कॅमेरा रुंद आणि एक अरुंद घ्यावा. रुंद उंचावर लावा, अरुंद फाटकाच्या किंवा दाराच्या चिंचोळ्या वाटेवर रोखा, जिथून आल्याशिवाय येताच येत नाही. हा दुसरा फार उंच लावला तर टोपी आणि टक्कल तेवढं दिसतं. सात-आठ फुटांवर लावा, आणि उगवत्या-मावळत्या उन्हाकडे त्याचं तोंड करू नका. चार कॅमेरे चार कोपऱ्यांत लावले की घर सुरक्षित झालं, हा समज सेटच्या खोक्यानं करून दिलेला आहे. दोन नीट रोखलेले कॅमेरे तेच काम जास्त चांगलं करतात.

मागाचं दुसरं गणित डिस्कचं. दर कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला २१ जीबीच्या वर जागा जाते. चार कॅमेरे, दिवसरात्र, म्हणजे ८६ जीबी. एक टीबीची डिस्क दहा-अकरा दिवसांत भरते आणि मग यंत्र सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहायला घेतं. ठाण्या-डोंबिवलीचा चाकरमानी गौरी-गणपतीला घर बंद करून कोकणात जातो तो विसर्जन उरकून दहा-बारा दिवसांनी परततो. चोर पहिल्याच रात्री येऊन गेला असेल, तर त्याचं चित्र मालक एसटीतून उतरायच्या आत पुसलं गेलेलं असू शकतं. दोन टीबीची डिस्क घ्या, किंवा हालचाल झाली तरच नोंद करायला सांगा. डिस्क मात्र या कामासाठी बनवलेलीच हवी. संगणकातली जुनी काढून लावली तर चोवीस तासांचं लिखाण तिला फार दिवस झेपत नाही.

आणि डबा लपवा. टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेला डीव्हीआर चोर जाताना सोबत घेऊन जातो. माग काढणाराच पळवून नेण्याची ही सोय जागल्याच्या काळी नव्हती. वायफाय कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाचंही तेच. कॅमेरा उपटला की साक्ष त्याच्या खिशात. वर वीज गेली की राउटर आणि कॅमेरा एकदमच डोळे मिटतात, तेव्हा डब्याला आणि राउटरला मिळून एक छोटा यूपीएस हवाच.

एक बिघाड सांगण्यासारखा आहे, कारण घरी बसवणाऱ्या बहुतेकांना तो कधी ना कधी गाठतो. दिवसभर स्वच्छ दिसणारा कॅमेरा दिवेलागणीनंतर बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो. रात्रभर हाच खेळ. सकाळी साहेब पूर्ववत. लोक कॅमेरा बदलतात, नवाही तसाच वागतो. दोष केबलचा असतो. थ्री-प्लस-वनमध्ये एक कोॲक्स चित्रासाठी आणि तीन बारीक तारा वीज आणि आवाजासाठी असतात. स्वस्त केबलमध्ये त्या तारा निखळ तांब्याच्या नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. बाजारात त्यांना सीसीए म्हणतात. एसएमपीएसमधून १२ व्होल्ट निघतात, पण लांबच्या फाटकापर्यंत पोचेतो त्यातले काही वाटेतच खर्च होतात. दिवसा उरलेल्यावर भागतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची ओढ वाढते, व्होल्टेज आणखी खाली येतं आणि कॅमेरा मान टाकतो. दिवे विझले की व्होल्टेज सावरतं, तो जागा होतो, दिवे लावतो आणि पुन्हा मान टाकतो. उपाय साधा आहे. खऱ्या तांब्याची जाड तार ओढा, किंवा फाटकाजवळच वेगळा ॲडॅप्टर द्या. एनव्हीआर घेणाऱ्याला हा ताप कमी, कारण तिथे वीज नेटवर्कच्याच केबलमधून जास्त व्होल्टेजनं जाते आणि १०० मीटरपर्यंत टिकते. २००३ साली ठरलेलं ते मानक मुख्यतः कचेऱ्यांतल्या नेटवर्क टेलिफोनसाठी होतं, कॅमेऱ्यांनी ते आयतं उचललं.

पावसाळ्याचं भान ठेवा. कॅमेरा ‘वॉटरप्रूफ’ असतो, त्याच्या शेपटीचे जोड नसतात. कॅमेऱ्यामागे प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स लावून सगळे जोड त्यात ठेवा आणि केबल आत जाण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी जोडात न शिरता तिथून गळून जाईल.

पासवर्डाचं प्रकरण मघाशी राखून ठेवलं होतं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन् तास कोलमडल्या. हल्ला करणारी फौज होती घराघरांतल्या कॅमेऱ्यांची, डीव्हीआरची आणि राउटरची. मिराई नावाच्या प्रणालीकडे साठेक कारखानी नाव-पासवर्डांची यादी होती. ॲडमिन-ॲडमिन, सलग सहा वेळा आठ, असले. ती दारोदार हिंडून यादीतल्या किल्ल्या लावून बघायची. लाखो दारं उघडली. मिराई लिहिणारी पोरं कॉलेजात जाण्याच्या वयाची होती, आणि माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवाल्यांच्या आपसातल्या चढाओढीतून तिचा जन्म झाला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघडकीला आलं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचेही होते. ज्या कॅमेऱ्यानं दार राखायचं, त्याचंच दार सताड उघडं राहिलं.

सरकारलाही याची जाग यायला वेळ लागला. २०२१ मध्ये तत्कालीन राज्यमंत्री, अकोल्याचे तेव्हाचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेला सांगितलं, की सरकारी संस्थांत सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये नियम निघाला आणि ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या सुरक्षेची चाचणी झालेली असली पाहिजे. जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना हे लक्षात ठेवा. आणि डब्याचा पासवर्ड बसवल्या दिवशीच बदला, फिटिंगवाल्यालाही सांगू नका. डीव्हीआरच्या सेटमध्ये कुलूप लावायचं दार एकच. एनव्हीआरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं.

घरच्या घरात कॅमेरा हा तर भाऊबंदकीचा नवा विषय आहे. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकानं राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे लावले. २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं हा खासगीपणावर घाला ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. त्यामागे खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा २०१७ चा पुट्टस्वामी खटल्याचा निकाल उभा आहे. शेजाऱ्याचं दार, त्याची खिडकी आपल्या चित्रात येत असेल, तर मेनूत ‘प्रायव्हसी मास्क’ असतो, तेवढा भाग काळा करा. त्यानं सांगायच्या आधी केलं तर संबंध टिकतात.

माग काढून झाला तरी तो कोर्टात उभा राहिला पाहिजे. या बाबतीत देशभर ज्या निकालाचा दाखला देतात, तो जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत आणि बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. सगळा खटला घड्याळाच्या काट्यावर. चित्रणासोबत कायद्यानं जे प्रमाणपत्र लागतं ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक रद्द केली आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवताना कायमचा खुलासाही केला. मूळ यंत्रच मालकानं कोर्टात आणून साक्ष दिली तर प्रश्न नाही, पण नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, आणि फाइलीचा हॅश आकडाही त्यात लिहावा लागतो. डीव्हीआरच्या पडद्याचा मोबाइलनं काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे पुरावा झाला, असं समजू नका. पेनड्राइव्ह लावून मूळ फाइल उतरवा आणि डबा जपून ठेवा.

त्या फाइलीवरची वेळ बरोबर असली पाहिजे, हे जालन्यानं शिकवलंच आहे. घरोघरचे कितीतरी डीव्हीआर वीज जाऊन आली की कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतात. मेनूत ‘एनटीपी’ नावाची सोय असते, ती चालू केली की यंत्र इंटरनेटवरून वेळ लावून घेतं. इंटरनेट नसेल तर भिस्त डब्यातल्या नाण्याएवढ्या सेलवर. तो काही वर्षांत संपतो, त्याच तापकीर गल्लीत पन्नासेक रुपयांत मिळतो आणि चार स्क्रू काढले की बदलता येतो.